अमोनियाच्या भांड्याबरोबर नागपूरला

नागपूरहून परतल्यावर शेजारच्या काकूंनी सगळ्यात आधी संत्राबर्फीची चौकशी केली. बर्फी आणली होती, ती दिली. पण प्रवास कसा झाला असं कुणी विचारलं की माझा आवाज आपोआप चढतो आणि समोरच्याला वाटतं, नागपूरकरांनी हिचं काहीतरी वाकडं केलेलं दिसतंय. तसं अजिबात नाही. नागपूरकरांनी मला घरात घेतलं, पोटभर खाऊ घातलं. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि तो कुणाला उगाचचा वाटू नये म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते आहे.

मी पुण्यातल्या एका तपासणी कंपनीत काम करते. पोलाद, त्याचे जोड आणि त्यातल्या भेगा हा माझा विषय. जानेवारीत माझ्याकडे काम आलं ते एका भांड्याला सोबत करण्याचं. गुजरातच्या किनाऱ्यावर घडवलेलं हे भांडं पूर्वेकडच्या एका खत कारखान्यात पोचवायचं होतं. निम्म्या वाटेपर्यंत माझा सहकारी बरोबर होता. नागपूरच्या अलीकडे, कोंढाळीला त्याने ते माझ्या ताब्यात दिलं आणि तो घरी गेला.

कोंढाळी ते नागपूर

आम्ही त्याला भांडं म्हणतो, पण ते दिसायला आडवं टाकलेल्या मनोऱ्यासारखं. असंख्य चाकांच्या ट्रेलरवर ते निजलेलं, पुढे एक इंजिन ओढायला, मागे एक ढकलायला. वेग चालणाऱ्या माणसाचा. मी बराच वेळ त्याच्या शेजारून चालतच होते, आणि अमरावती रस्ता असा पायी बघायला मिळणं हे या प्रवासातलं मोठं सुख होतं. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, पहाटेचं धुकं, रस्त्याकडेला शेकोट्या. पुण्यात आम्ही ज्याला थंडी म्हणतो ती इथे कुणी मोजतही नसेल. वीजतारा खाली आल्या की ट्रेलरचे लोक लांब काठ्यांनी त्या वर उचलून धरायचे आणि भांडं खालून हळूच सरकायचं.

गावोगावी लोक जमायचे, फोटो काढायचे. एका आजोबांनी रॉकेट आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, यातून युरियाचा कच्चा माल निघतो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की रॉकेट म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पण ते खरं आहे. हवेत पाचातले जवळपास चार भाग नायट्रोजनच असतो, आणि पिकाला त्याचा तसा काही उपयोग नाही. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून असतात की ते सुटता सुटत नाहीत. ते सोडवून हायड्रोजनशी जुळवले की अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया. सोडवायचं काम करते लोखंडाची खडी, पण ती तापल्याशिवाय काम करत नाही. तापवली तर झालेला अमोनिया पुन्हा मोडायला लागतो. या पेचातून मार्ग काढायचा तर दाब वाढवावा लागतो, आपल्या भोवतालच्या हवेच्या दीड-दोनशे पट. एवढं करूनही एका फेरीत थोडाच वायू बदलतो. तो थंड करून अमोनिया काढून घ्यायचा आणि उरलेला वायू पुन्हा आत सोडायचा, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं.

हे सगळं या भांड्याच्या पोटात घडतं, म्हणून त्याची भिंत माझ्या पंजाच्या लांबीएवढी जाड. तरी जाडी पुरत नाही. हायड्रोजन हा सगळ्यांत लहान अणू. तापलेल्या पोलादात तो शिरतो, आतल्या कार्बनशी जुळतो, आणि धातू आतून फुटायला लागतो. म्हणून हे पोलाद क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घालून मुद्दाम बनवलेलं असतं. त्याचा प्रत्येक जोड आधी तापवून मग वेल्ड करतात आणि झाल्यावर पुन्हा भट्टीत भाजतात. त्यानंतर त्या अंगाला वेल्डिंगचा रॉड लावायचा नाही. साधी ठिणगीसुद्धा पाडायची नाही. भांड्याच्या दोन्ही बाजूंना हे मोठ्या पांढऱ्या अक्षरांत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलेलं होतं.

हे इतकं सविस्तर सांगते आहे ते माझा राग कळावा म्हणून.

बेसा

नागपूरला वळसा घालून आम्ही बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याला लागलो आणि बेसाच्या पुढे एका मोकळ्या जागेत थांबलो. पुढे रेल्वेचं फाटक होतं. तिथल्या विजेच्या तारा बंद केल्याशिवाय आम्हाला जाता येणार नव्हतं, आणि ती परवानगी अमुक सकाळी म्हणून ठरलेली होती. ती हुकली की पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नाही.

वाहतुकीचा सगळा कारभार वानखेडे नावाच्या मुकादमाकडे होता. पन्नाशीचे, उंच, गळ्यात मफलर. माणूस कामाचा. अरुंद वळणावरून ते ट्रेलर असा काढायचे की बघत राहावं. त्यांनीच माझी राहायची सोय लावली, बेसातल्या शालूताईंकडे. शालूताई विधवा, मुलगी लग्न होऊन गेलेली, उमरेडकडे दिराबरोबर वाटणीची शेती, आणि इथे नव्या वस्तीत दोन खोल्या भाड्याने द्यायच्या.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. शालूताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बसा ताई, गंज घासून घेतो अन् मांडतोच जेवण." मी आयुष्यभर गंज शोधत फिरणारी बाई. मी थेट आत गेले आणि कुठे चढलाय म्हणून विचारलं. त्यांनी हातातलं पातेलं पुढे केलं. नागपूरकडे पातेल्याला गंज म्हणतात हे मला तेव्हा कळलं. नंतर त्यांनी सांबारवडी वाढली, तेव्हा मी आमटीची वाट बघत बसले. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. खसखस, खोबरं आणि कोवळी कोथिंबीर ठासून भरलेली ती वडी, सोबत कढी. पुण्यात पाहुण्याला "अजून घ्या" एकदा म्हणतात आणि तो नको म्हणाला की सुटतात. शालूताई विचारायच्याच नाहीत, सरळ ताटात टाकायच्या.

भांड्यात आत्ता काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आतून गंजू नये म्हणून नुसता नायट्रोजन भरून ठेवलाय. शेताला लागतो तोच का, असं त्यांनी विचारलं. तोच, पण तसा उपयोगाचा नाही, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे आमच्या घरच्या मानसांसारखा. हाय, पन कामाचा नाई."

दुसऱ्या दिवशी जेवून मी ट्रेलरकडे गेले. लांबूनच मला भांड्याच्या अंगावर काळं काहीतरी दिसलं. जवळ गेले. लाल रंग जळून त्यावर काजळी धरली होती, आणि त्या काजळीतून लोखंडाचे दोन कान बाहेर आले होते. त्यांतून साखळी ओवून खाली ट्रेलरला ताणली होती. पांढऱ्या अक्षरांतली ती सूचना तिथून हातभर अंतरावर.

मग मी वानखेड्यांना हाक मारली.

ते शांतपणे आले. सकाळी जागेवर वळवताना एक पट्टा सैल झाला होता, भांडं बोटभर सरकलं होतं. पुढे फाटकाजवळ उतार आहे, म्हणून त्यांनी बेसातला वेल्डर बोलावून दोन कान लावून घेतले. तासाभराचं काम. मला फोन का केला नाही, तर मी जेवत असेन म्हणून.

मी सूचनेकडे बोट दाखवलं.

"ते तं हाय लिवलेलं, मॅडम," ते म्हणाले. "पन सरकून खाली पडलं असतं तं? मंग तुमीच म्हनल्या असत्या, काहून बांधलं नाई."

मी म्हटलं, पट्टा बांधायचा, लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, मला बोलवायचं. हजार उपाय होते. हे पोलाद थंड असताना त्यावर रॉड लावला की जाड भिंत ती उष्णता क्षणात ओढून घेते, आणि तेवढी जागा काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. त्यात थंडीतला दमट रॉड. तो दमटपणा म्हणजे पुन्हा हायड्रोजनच, धातूत कोंडलेला.

वानखेड्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमी काहून इतक्या चिडून राहिल्या? कान कापून टाकू, घासू, वरून रंग मारू. कोनाले दिसनार हाय?"

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. केलेल्या चुकीपेक्षा या वाक्याचा मला जास्त राग आला, आणि आजही येतो. पट्टा सैल झाल्यावर घाईत माणसाच्या हातून काहीही होऊ शकतं. पण दिसणार नाही म्हणून झालंच नाही, हे मला कुणी शिकवू नये.

पहिली तपासणी

आधी पट्टे नीट बांधून घेतले. मग कान कापले, जागा घासून सपाट केली. माझ्याकडे भेग शोधायचे डबे होते. ही तपासणी सोपी आहे. जागेवर लाल रंग फवारायचा, तो मुरू द्यायचा, पुसून काढायचा, मग वर पांढरी पूड फवारायची. भेग असेल तर आत मुरलेला लाल रंग पुडीवर उमटतो.

पांढऱ्यावर काही उमटलं नाही.

वानखेड्यांनी मोठा श्वास सोडला आणि चहा मागवला. मी म्हटलं, चहा घेऊ, पण ट्रेलर हलणार नाही. अशा जागी भेग लगेच पडत नाही. कोंडलेला हायड्रोजन हळूहळू कडक जागेकडे सरकतो आणि कधी दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही नंतर धातू उलतो. दोन दिवस थांबून पुन्हा बघायचं, हा नियमच आहे.

"दोन दिवस?" ते म्हणाले. "परवा सकाळी फाटक हाय."

मी म्हटलं, फाटक राहू दे.

त्यांचा चेहरा पहिल्यांदा पडला. ते लांब जाऊन फोनवर बोलत राहिले. तासाभरात माझ्याकडे तीन निरनिराळ्या माणसांचे फोन आले. एकालाही पोलादाबद्दल विचारायचं नव्हतं. सगळ्यांना एकच माहिती हवी होती, की वेल्डिंग चालू होतं तेव्हा मी कुठे होते. जेवत होते. माणूस जेवतो. मी जेवायला बसले म्हणून भांड्यावर वेल्डिंग करायची मोकळीक मिळते, हा कायदा मला नवीन होता.

इतवारी

दुसऱ्या दिवशी शालूताई मला बळेच इतवारीत घेऊन गेल्या. घरात बसून मी नुसती फेऱ्या मारत होते. त्यांना मुलीकडे द्यायला मोठा पितळी गंज घ्यायचा होता. इतवारी म्हणजे आमच्या रविवार पेठेची थोरली बहीण. एका गल्लीत धान्य, दुसरीत कापड, तिसरीत भांडी, आणि सगळ्यांतून एकाच वेळी हातगाड्या आणि टेम्पो. शालूताईंनी चार दुकानांत पातेली वाजवून बघितली, दर पाडला, उठल्या, परत बसल्या. माझं लक्ष नव्हतं.

तिथेच आमच्या साहेबांचा पुण्याहून फोन आला. गोंगाटात काही ऐकू येईना म्हणून मी दुकानाच्या पायरीवर एका कानात बोट घालून उभी राहिले. साहेब गोड बोलत होते. पहिली तपासणी स्वच्छ आली आहे, तेव्हा "वाहतुकीत घासल्याची किरकोळ खूण" एवढं लिहून मोकळी हो, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक मोठं आहे, उशीर कुणालाच परवडणारा नाही.

मी म्हटलं, "साहेब, तिथे वेल्डिंग झालंय. मी घासलं असं लिहिणार नाही."

ते म्हणाले, शब्दांवर अडू नकोस.

मग मात्र मी ओरडले. त्या शब्दांवरच सगळं अडलंय म्हटलं. घासलं असं लिहिलं तर कारखान्यातले लोक तिकडे पुन्हा ढुंकूनही बघणार नाहीत. वेल्डिंग लिहिलं तर वर्षावर्षाला बघतील. आत दीड-दोनशे पट दाबाचा हायड्रोजन असणार आहे. तुम्ही स्वतः त्या भांड्याशेजारी उभे राहाल का? हे मी इतक्या मोठ्याने बोलले की समोरची हातगाडी थांबली आणि दुकानदाराने वजन तसंच हातात धरून ठेवलं. साहेबांनी फोन ठेवला.

शालूताईंनी मला आत ओढून स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमचंच खरं हाय हे मले समजलं. पन आता दोन घास खाऊन घ्या. उपाशी मानसाचं भांडन लवकर संपते." आणि समोरून गरम आलूबोंडे मागवले, वर लाल तर्री ओतलेले. डोळ्यांतून पाणी आलं. ते तिखटाचं होतं असं मी सगळ्यांना सांगते.

पुन्हा बेसा

फाटकाची सकाळ आली आणि गेली. वानखेडे माझ्याशी बोलत नव्हते. त्यांची माणसं पाचरींवर बसून पत्ते खेळत होती आणि मी जवळून गेले की गप्प व्हायची.

ठरलेला वेळ भरला तेव्हा मी पुन्हा रंग लावला, पुसला, पूड फवारली. सगळे बघायला जमले. पहिल्या कानाच्या जागी काहीच नाही. दुसऱ्या जागीही नाही. वानखेड्यांनी मफलर सारखा केला. आणि मग त्या दुसऱ्या जागेच्याच पांढऱ्या पुडीवर एक लाल रेघ उमटली, केसाएवढी बारीक, बोटाच्या पेराएवढी लांब. बघता बघता ती गडद झाली.

मला आनंद झाला असेल असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. ज्या वस्तूवर कित्येक माणसांनी कित्येक महिने काम केलं, तिच्या अंगावर ती रेघ होती.

वानखेडे वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "परवा नव्हती ना ही?"

नव्हती, मी म्हटलं. तुम्ही स्वतः बघितलंत.

संध्याकाळी त्यांनी शालूताईंच्या दारात संत्र्यांची पिशवी ठेवली आणि आत न येता निघून गेले. माफी म्हणून असेल. मी त्यातलं एक संत्रं खाल्लं. गोड होतं, पण माझा राग गेला नाही.

नंतर भांडं घडवणाऱ्यांची माणसं विमानाने आली. त्यांनी भेगेची खोली मोजली आणि ती संपेपर्यंत थोडं थोडं घासत गेले. शेवटी वाटीच्या बुडासारखा उथळ खळगा राहिला. हिशेब करून त्यांनी सांगितलं की उरलेली जाडी पुरेशी आहे, पुन्हा वेल्डिंग करायची गरज नाही. खळग्याच्या कडेचा कडकपणा मोजला तो मर्यादेच्या आत आला, पण जेमतेम. भांडं वापरायला हरकत नव्हती. अट एकच, त्या जागेवर कायम नजर ठेवायची.

हे इथे संपलं असतं तर मी हा लेख लिहिलाही नसता. पण सह्यांसाठी जो अहवाल पुण्याहून आला, त्यात सगळं होतं. घासल्याचं होतं, खळगा होता, जाडीचा हिशेब होता. वेल्डिंग हा शब्द मात्र कुठेही नव्हता. "वाहतुकीत घासल्याची खूण" जिथल्या तिथे. मी सही केली नाही. दोन दिवसांनी माझ्या जागी दुसरा तपासनीस आला, तरुण, नम्र, नजर न भिडवणारा. त्याने सही केली. त्याच सकाळी नवी परवानगी मिळाली आणि ट्रेलर निघाला. वानखेडे पुढे चालत होते, वर तारांकडे बघत.

मी रस्त्याकडेलाच खत कारखान्याच्या तपासणी प्रमुखांना फोन लावला. त्यांचं नाव देशकर, मूळचे नागपुरातल्याच प्रताप नगरचे. आमची ओळख नव्हती. कान कुठे लावले, भेग केव्हा दिसली, कडकपणा किती आला, सगळं सांगितलं आणि फोटो पाठवले. त्यांनी सगळं लिहून घेतलं. शेवटी फक्त म्हणाले, "तुमच्या नोकरीचं काय होईल?" मी म्हटलं, ते मी बघेन.

झालं एवढंच की मला बाहेरच्या कामांवर पाठवणं बंद झालं. आता मी कार्यालयात बसून इतरांचे अहवाल वाचते. फार काळजीपूर्वक वाचते, त्यामुळे तिथेही मी कुणाला फारशी आवडत नाही. शालूताई अधूनमधून फोन करतात आणि जेवण झालं का एवढंच विचारतात.

मागच्या आठवड्यात देशकरांचा फोन आला. भांडं उभं केलं, आतली खडी भरून झाली, थोड्याच दिवसांत दाब चढवणार. त्यांनी त्या खळग्याभोवती पिवळं वर्तुळ रंगवून घेतलं आहे, आणि कारखाना दुरुस्तीसाठी बंद होईल त्या प्रत्येक वेळी तो भाग तपासायचा असं लेखी नोंदवलं आहे, वेल्डिंगच्या उल्लेखासकट. मला बरं वाटलं. तो खळगा आता नेमका कुठे येतो, मी विचारलं.

"भांडं उभं केल्यावर तो पहिल्या मजल्याच्या जिन्याशी आला," ते म्हणाले. "माणसाच्या छातीच्या उंचीवर."

तिथून कोण जातं, मी विचारलं.

"वर जाणारे सगळेच," ते म्हणाले.